सरपंचावर भरवसा नसला तरी गाव आपलंच: ग्रामसभेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, ग्रामपंचायतीचं कसं चाललंय? उत्तर ठरलेलं असतं: "कोणीही निवडून आला तरी स्वतःचंच घर भरणार." असं म्हणणाऱ्या माणसाचं गावावरचं प्रेम आटलेलं नसतं. तोच पालखीला खांदा देतो, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी काढतो, कुणाकडे मयत झाली तर सगळ्यांच्या आधी पोचतो. ग्रामपंचायतीची पायरी तेवढी तो चढत नाही. "आपल्याला राजकारणात पडायचं नाही," असं तो म्हणतो.

हे लिहितोय ते त्याच्यासाठी. शहरातली नोकरी सोडून गावी परतलेल्यांसाठी, लग्न होऊन नव्यानं आलेल्या सुनांसाठी आणि पहिल्यांदाच मतदार यादीत नाव लागलेल्या पोरापोरींसाठीही. पुढाऱ्यांवर विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही. तो न ठेवण्याची कारणं बऱ्याच गावांत डोळ्यांसमोर दिसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचा विश्वास नाही त्यानं ग्रामसभेला आधी जायला हवं. रिकाम्या ग्रामसभेचा सगळ्यात मोठा फायदा वाईट कारभाऱ्याला होतो.

जत्रा संपली की आठवड्याभरात कमिटी देवळात बसते. वही उघडली जाते. वर्गणी किती जमली, मांडवाला किती गेले, नारळ-गुलालाला किती, सगळं मोठ्यानं वाचलं जातं. कोणीतरी उठतोच: "लाईटवाल्याचे गेल्या वर्षीपेक्षा वाढले कसे?" खजिनदार पावती दाखवतो, विषय मिटतो. विचारणाऱ्याला कोणी विरोधी पार्टीचा म्हणत नाही. त्याच गावात ग्रामपंचायतीच्या खात्यावर लाखो रुपये येतात आणि जातात, त्याचा हिशोब मात्र कोणी मागत नाही. ग्रामसभेत मागायचा तो हाच हिशोब, आणि तो मागायचा हक्क महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 या कायद्यानं दिलेला आहे.

पहिली पायरी: यादीत नाव आणि हातात पावती

ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, पक्ष लागत नाही, सात-बारावर नाव असावं लागत नाही. सरपंचाचं एक मत, तुमचंही एकच. नाव अजून पुण्या-मुंबईच्या यादीत असेल तर आधी ते गावात आणून घ्या. नव्या सुनेचं नावही सासरच्या यादीत लावून घ्यायचं राहून जातं, तेवढं बघा.

दुसरं, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून टाका आणि पावती जपून ठेवा. थकबाकी असली तरी प्रश्न विचारायचा हक्क जात नाही. पण सभेत तुम्ही तोंड उघडलं की पहिला टोला तोच बसतो: "आधी पट्टी भरा, मग बोला." पावती खिशात असेल तर ते तोंड तिथेच बंद होतं.

दुसरी पायरी: पैसा कुठून येतो ते समजून घ्या

पहिल्याच सभेत "पैसे खाल्ले" असा आरोप करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, कारण किती पैसे आणि कुठले, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून सभेला जाण्याआधी एक संध्याकाळ या अभ्यासाला द्या.

ग्रामपंचायतीचा पैसा ढोबळमानानं दोन वाटांनी येतो. एक, स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची फी. दोन, वरून येणारा निधी, आणि त्यातला गेल्या काही वर्षांतला मोठा वाटा वित्त आयोगाचा. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण संस्थांना जे पैसे दिले, त्यातले 60 टक्के 'बंधित' होते. म्हणजे ते पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले 40 टक्के 'अबंधित', गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. महाराष्ट्रात या निधीचा 80 टक्के भाग थेट ग्रामपंचायतींना गेला, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याला प्रत्येकी 10 टक्के. तेव्हा "वरूनच पैसे येत नाहीत" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

हे तपासायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पोर्टलवर वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की गावाचा विकास आराखडा आणि त्यातून झालेला खर्च दिसतो. कोणत्या तारखेला, कोणत्या कामापोटी, किती रक्कम गेली हे मोबाईलवर वाचता येतं. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांचीही डिजिटल सही लागते, ज्याला गावात "डोंगल" म्हणतात. एखाद्या खर्चाबद्दल दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर हे लक्षात असू द्या. सरपंचाचं डोंगल भलत्याच माणसाच्या खिशात असेल तर तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि तोही सभेत विचारण्यासारखा आहे.

स्वतःच्या उत्पन्नातलेही काही भाग राखीव असतात: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. नव्या माणसानं पहिला प्रश्न विचारायचा तर मी हाच सुचवेन. "दिव्यांगांचा पाच टक्के निधी गेल्या वर्षी किती होता आणि कोणाला मिळाला?" यात कुणावर आरोप नाही. गावातल्या दिव्यांग माणसांची नावं सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे उत्तर खरं की खोटं हे तिथल्या तिथे कळतं.

तिसरी पायरी: कार्यालयात जा, कागद बघा

ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गावात ते "भाऊसाहेब"च. त्यांच्याकडे दोन-तीन गावांचा कारभार असू शकतो, म्हणून ते कोणत्या दिवशी येतात ते शिपायाला विचारून ठेवा. पहिल्या भेटीत तक्रार करू नका. ओळख करून घ्या, चालू वर्षाचा आराखडा बघायला मागा.

ग्रामपंचायतीचं दप्तर ठरावीक नमुन्यांत ठेवलेलं असतं. सगळे नमुने शिकत बसायची गरज नाही, चार लक्षात ठेवा. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, वर्षाला किती येणार आणि कशावर जाणार. नमुना 5 म्हणजे रोकड वही, रोजची जमा आणि रोजचा खर्च. नमुना 8 कर आकारणीचा आणि नमुना 9 कराच्या मागणीचा. नमुना 8 चा उतारा तुम्ही घराच्या कामासाठी कधीतरी काढलेला असेलच. त्या वहीत आख्खं गाव असतं: कुणाच्या दुमजली घराला किती पट्टी आणि कुणाच्या पत्र्याच्या खोलीला किती.

याशिवाय ऑडिटचा अहवाल मागा. लेखापरीक्षकानं काढलेले आक्षेप आणि ग्रामपंचायतीनं त्यांना दिलेली उत्तरं त्यात असतात. गावातल्या कुणी संशय घेण्याआधी सरकारी माणसानंच तो लिहून ठेवलेला असतो, पण तो वाचायला कोणी जात नाही. कायद्यानं हा अहवाल, मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि चालू वर्षाचा कार्यक्रम आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवावाच लागतो.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकार आहे. 2005 च्या या कायद्याखाली जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, पोच घ्यायची. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत, प्रतींसाठी पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. प्रती नको असतील तर नुसतं दप्तर बघायलाही मागता येतं आणि पाहणीचा पहिला तास फुकट असतो. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्जात "आजवर झालेल्या सर्व कामांची सर्व माहिती" असं कधीही लिहू नका. असा अर्ज सहज बाजूला पडतो. एक काम धरा. समजा मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंतचा सिमेंट रस्ता. त्याचं अंदाजपत्रक म्हणजे एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि देयकाची प्रत, एवढं मागा. एस्टिमेट हातात आलं की त्यात लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये लिहिलेली दिसेल. मग टेप घेऊन दोघं-तिघं जा. लांबी-रुंदी सरळ मोजता येते, जाडी रस्त्याच्या उघड्या कडेला दिसते. मोजलेलं तिथेच कागदावर लिहा, तारीख टाका, फोटो काढा. बरोबर भरलं तर तेही गावाला सांगा, फरक निघाला तर तो आकडा सभेत वाचा. "रस्ता निकृष्ट झालाय" या वाक्याला ठेकेदाराकडे शंभर उत्तरं असतात. "एस्टिमेटमध्ये जाडी एवढी, कडेला मोजली तर एवढी" याचं उत्तर त्याला कागदावरच द्यावं लागतं.

चौथी पायरी: एकटे जाऊ नका

या पायरीवर पुष्कळ जण चुकतात. एकटा माणूस दप्तर मागू लागला की दोन दिवसांत गावभर बातमी होते: याला पुढची निवडणूक लढवायची आहे. मग भावकीतला कोणीतरी घरी येऊन समजावतो, बांधावरून भांडण उकरलं जातं, नाहीतर पाण्याचं कनेक्शन अचानक बेकायदा ठरतं. हे घडतं, आणि घाबरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

म्हणून पाच-सात जणांचा गट करा, आणि तो निवडताना विचार करा. सगळे एकाच भावकीतले, एकाच आळीतले किंवा गेल्या निवडणुकीत पडलेल्या पॅनलचे असतील तर ती पार्टीच झाली. एखादी आशाताई किंवा बचत गटातली बाई, निवृत्त शिक्षक, वस्तीवरचा एक जण, आकडेमोड येणारा एखादा कॉलेजचा पोरगा, असा मेळ हवा. माहिती अधिकाराचे अर्ज आळीपाळीनं वेगवेगळ्या नावांनी करा, म्हणजे रोष एकाच्याच डोक्यावर येत नाही. आणि गटात सुरुवातीलाच एक गोष्ट बोलून घ्या: येत्या निवडणुकीत कोणाला उभं राहायचं असेल तर त्यानं ते आताच सांगावं. उभं राहण्यात काही वाईट नाही, पण ते लपवून ठेवलं की सगळ्या गटावरचा विश्वास जातो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. या गावानं ग्रामसभेसोबत अभ्यास गट चालवले. अभ्यास गटात कुठल्याही विषयाचा कीस पाडायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमतानं न घेता सर्वांच्या सहमतीनं. याच रीतीनं चालत गावानं 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला.

हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक म्हणतात, "त्यांच्याकडे पोपटराव पवार आहेत, आमच्याकडे कुठे?" बरोबर आहे. चांगला सरपंच मिळणं हे गावाचं भाग्य. पण हिवरे बाजारमध्येही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो तो ग्रामसभेत, आणि किती पाऊस पडला, किती पाणी आहे, यंदा कोणतं पीक घ्यायचं हे लोकांपुढे ठरतं. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही हा नियम त्या गावानं स्वतःवर घालून घेतला. सरपंच कितीही मोठा असला तरी असा नियम एकट्याच्या हुकमानं पाळला जात नाही. अभ्यास गट मात्र कुठल्याही गावात, कसाही सरपंच असला तरी, उद्या संध्याकाळी सुरू करता येतो, म्हणून मला मेंढ्याची वाट जास्त जवळची वाटते.

पाचवी पायरी: तारीख, नोटीस आणि 'तहकूब' सभा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या ठेवण्याची पद्धत आहे. सात दिवस आधी नोटीस लागली पाहिजे, दवंडी दिली पाहिजे. हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, तोही कधी आदल्या रात्री. नोटीस बोर्डाचा तारखेसकट फोटो काढून ठेवत जा. सबळ कारण नसताना सभा घेतल्याच नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, इतकी ही गोष्ट कायद्यानं गंभीर मानलेली आहे.

सभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तो. बाराशे मतदारांच्या गावात शंभर माणसं, चारशेच्या वाडीत साठ. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. खरी मेख इथे आहे. पहिल्या सभेला लोक येत नाहीत. दुसऱ्या सभेची बातमी चार घरांपलीकडे पोचत नाही. मग दहा-बारा माणसं बसून घरकुलाची यादी, आराखडा, सगळं मंजूर करून मोकळी होतात, आणि हे सगळं नियमात बसतं. तेव्हा पहिल्या सभेचा कोरम भरवणं हेच तुमच्या गटाचं सगळ्यात मोठं काम. नोटीस लागली की घरोघर जाऊन विषयपत्रिका सांगा. "ग्रामसभेला या" म्हटलं तर कोणी येत नाही. "घरकुलाची यादी वाचणार आहेत" म्हटलं की येतात. तरीही सभा तहकूब झालीच तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्या आणि त्याच संध्याकाळी सगळीकडे पोचवा.

बायकांची सभा आधी

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. कित्येक गावांत ती फक्त कागदावर होते, नाहीतर अंगणवाडीत दहा मिनिटांत सह्या घेऊन संपते. ही सभा खरी भरवली तर बराच फरक पडतो, कारण ग्रामसभेत पुरुषांच्या गर्दीत मागं बसणाऱ्या बाया इथे मोकळ्या बोलतात. नळाला पाणी किती वाजता येतं, शाळेच्या मुतारीला दार आहे का, स्मशानाच्या वाटेवरचा दिवा कधीपासून बंद आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. महिला सभेत ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडलं जाईल याकडे लक्ष ठेवा.

पुढाऱ्यांना न जुमानता बायकांनी गावाचा निर्णय फिरवल्याचं उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या एकूण बायकांपैकी. म्हणजे प्रत्येकीला घराबाहेर काढावं लागतं. दुकानामागं स्थानिक वजनदार माणूस उभा असतानाही बायांनी हे मतदान जिंकलेलं आहे. त्यांनी केलं ते काम सोपं पण कष्टाचं होतं: यादी हातात घेऊन दारोदार फिरणं.

सभेत बसल्यावर

देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली असते. आत शिरताच शिपाई रजिस्टर पुढे करतो, "सही करा." इथे थांबा. वर "ग्रामसभा दिनांक अमुक, उपस्थिती" असं लिहिलंय का ते बघा. सह्यांच्या वर किंवा मध्ये कोरी जागा सोडलेली असेल तर तुमच्या सहीच्या वर पुढे काहीही लिहिलं जाऊ शकतं. कोऱ्या पानावर सही करायची नाही, एवढं गटातल्या प्रत्येकाला पढवून न्या. आपल्या सहीच्या लगेच वर-खाली रेघ मारली तरी चालते.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा पहिला विषय असतो. सगळे गप्पा मारत असतात, तेव्हाच कान देऊन ऐका. जे ठरलंच नव्हतं ते त्यात असेल तर हात वर करून हरकत घ्या आणि "माझी हरकत नोंदवा" हे शब्द वापरा.

प्रश्न विचारताना उभं राहा, नाव सांगा, एका वेळी एकच प्रश्न. व्यक्तीचं नाव घेऊ नका, कामाचं घ्या. "सरपंचसाहेब, पोर्टलवर गटाराच्या कामापोटी अमुक तारखेला एवढी रक्कम दिसते, ते गटार कोणत्या आळीत झालं?" इतकंच. तुमचा आवाज चढावा म्हणून कोणीतरी डिवचेल. तुम्ही चिडलात की सभा गोंधळात संपवता येते, आणि गोंधळात संपलेली सभा कागदावर शांततेत संपलेली असते. शेजारी बसलेल्यानं तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारावा, हे आधीच ठरवून जा.

मागणी असेल तर ती ठरावाच्या रूपात लिहून न्या. "पाण्याचं काहीतरी करा" हा ठराव होत नाही. "वॉर्ड क्रमांक 2 मधील सार्वजनिक विहिरीतील गाळ काढणे व कठड्याची दुरुस्ती करणे हे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात बंधित निधीतून घ्यावे" हा ठराव होतो. खाली सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) अशी दोन नावं. ठराव झाला की तो तिथेच प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, लिहून वाचून दाखवा अशी विनंती करा. "नंतर लिहितो" याला कबूल होऊ नका.

सभेनंतर

चार-आठ दिवसांत इतिवृत्ताची प्रत मागा. तुमचा ठराव, तुमची हरकत तिच्यात शब्दशः आहे का ते पाहा. पुढच्या सभेत पहिला प्रश्न मागच्या ठरावाचं काय झालं हाच असू द्या. हे दोन-तीन सभा सातत्यानं केलं की भाऊसाहेब स्वतःच तयारी करून येऊ लागतात.

दाद लागत नसेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. तहसीलला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा असल्या रोजच्या कामांत अडवणूक झाली तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. यातलं काहीही तोंडी करू नका, प्रत्येक कागदाची पोच घ्या.

आणि हातानं करायचं काम

नुसते प्रश्न विचारणाऱ्या गटाला गाव कंटाळतं. प्रश्न विचारणारी माणसं घाम गाळतानाही दिसली पाहिजेत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झालं तेव्हा आणि 2016 पासूनच्या वॉटर कपच्या उन्हाळ्यांत हे गावोगाव दिसलं. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं ती माणसं एका ओळीत उभी राहून पाट्या पुढे देत होती. तुम्ही लहान काम निवडा: स्मशानभूमीतली झुडपं, शाळेचं मैदान, आडाभोवतीचा चिखल. वर्गणी काढली तर तिचा हिशोब दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावा, खिळ्यांच्या पुड्यापर्यंत. जो हिशोब तुम्ही ग्रामपंचायतीकडे मागता तो आधी तुमचा स्वच्छ दिसू द्या. फोटोला सरपंच आले तर येऊ द्या, बॅनरवर फोटो कोणाचा यावरून काम थांबवू नका.

ज्यांना सभेत बोलायची भीती वाटते त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. विषय आपल्याच लेकरांचा असतो, माणसं ओळखीची असतात. पोषण आहाराचं धान्य, शौचालय, गळकं छप्पर यांवर बोलता-बोलता इतिवृत्त, ठराव, अनुमोदन या गोष्टी अंगवळणी पडतात. पाणीपुरवठा समितीतही जागा असते, तिथे पाणीपट्टी आणि वीजबिलाचा हिशोब पहिल्यांदा समोर येतो.

एक काम विसरू नका. गटार खरोखर चांगलं झालं, टाकी वेळेत धुतली गेली, यादीतल्या गरजू विधवेला घरकुल मिळालं, तर पुढच्या ग्रामसभेत उठून ते बोला आणि सरपंच व सदस्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडा, मग ते कोणत्या का पॅनलचे असेनात. सूचक म्हणून तुमचं नाव असू द्या, आणि तो ठरावही प्रोसिडिंगमध्ये लिहून वाचून घ्या.